पेंटरचे दोन स्टुडिओ आणि भाऊजींचं तोंड

पेंटरनं बेट घेतलं, ही बातमी मला दाढी करताना कळली. आमच्या न्हाव्याकडे यवतमाळातल्या बातम्या आधी यायच्या. वर्तमानपत्रं त्या नंतर सावकाश, चुका तशाच ठेवून छापायची. यवतमाळ जिल्ह्यात बेट कुठून आलं, असं मी विचारलं. आमच्यापासून समुद्र इतका लांब, की बहुतेकांनी तो कॅलेंडरवरच पाहिलेला.

न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "उमरखेडच्या रस्त्यानं धरणात टेकडी हाये नं जी, थेच. पाणी भरलं का बेट, उतरलं का टेकडी. पेंटर म्हंते, बारा महिने बेटच म्हणाचं."

हा पेंटर मला जुना माहीत होता. मुख्य बाजारात, सायकलच्या दुकानाला लागून त्याची टपरी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तो मोर काढायचा, भिंतीवर कपाशीच्या बियाण्याच्या जाहिराती रंगवायचा. त्या जाहिरातींत बोंडं नारळाएवढी असत आणि ती पाहून बियाणं घेणाऱ्यांच्या शेतात ती पुढे लिंबाएवढी निघत. पण त्याची खरी ख्याती वेगळी होती. तो मेलेल्या माणसांची चित्रं काढायचा. फोटो असला तर हे काम कोणीही करतो. फोटो नसला तरी करायचा, असा जिल्ह्यात तो एकटाच.

त्याची पद्धत अशी. घरच्या सगळ्यांना एकाच वेळी बोलवायचं. एकेकट्याला विचारलं, तर माणूस मेलेल्याबद्दल चांगलंच बोलतो आणि चांगल्या बोलण्यातून नाक निघत नाही, असं तो म्हणे. सगळे एकत्र बसले की भांडण लागायचं. थोरला म्हणायचा, नाक बसकं होतं. सून म्हणायची, बसकं तुमचं आहे, मामंजींचं सरळ होतं. त्या भांडणातून पेंटर खडूनं एकेक रेघ उचलत जायचा, पुसायचा, परत काढायचा. काम कधी संपलं ते तो स्वतः ठरवत नसे. घरातली एखादी बाई रडायला लागली, की तो उठून ब्रश धुवायला घ्यायचा.

मग ती वर्षं आली. कापसाचा भाव पडला, सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि यवतमाळातले लॉज भरले. दिल्लीहून, मुंबईहून, परदेशातून माणसं यायला लागली. कोणाला आत्महत्यांचे आकडे हवे होते, कोणाला फिल्म करायची होती, कोणाला नुसतं अस्वस्थ व्हायचं होतं. कोणत्या गावाचा रस्ता बरा आहे आणि कोणत्या घरची म्हातारी बोलकी आहे, हे भाड्याच्या जीपवाल्यांना पाठ झालं होतं. सकाळी नाश्ता करून निघालं की जेवायच्या वेळेपर्यंत दोन गावांचं दुःख बघून परत येता यायचं.

या पाहुण्यांत मुंबईहून एक मॅडम आल्या. त्यांची चित्रांची गॅलरी होती. पाऊस आला म्हणून त्या पेंटरच्या टपरीत शिरल्या आणि कोपऱ्यातल्या एका चित्रासमोर थांबल्या. चित्रात माणसाचे खांदे होते, गळ्याशी बटण होतं, डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली काही नव्हतं, नुसता पांढुरका लंबगोल. मॅडम म्हणाल्या, इथला सगळा शेतकरी यात आला आहे. पेंटर म्हणाला, "शेतकरी नाही जी, थो किराणा दुकानदार होता. घरच्याइचं नाकावर एकमत नाही झालं, म्हणून राह्यलं."

हे वाक्य पुढे कुठल्याच कॅटलॉगमध्ये आलं नाही. चित्र मात्र मुंबईला गेलं, आणि पेंटर चित्रकार झाला. त्यानंतर त्यानं तोंड काढलं नाही. फेटेवाले, टोपीवाले, पदरवाल्या, सगळ्या लंबगोल. मॅडमच्या सल्ल्यानं त्यानं बाजारात वरच्या मजल्यावर स्टुडिओ घेतला, आणि दुसरा बेटावर, एकांतासाठी.

हे सगळं मला गमतीचं होतं, तोवर माझं काही अडलं नव्हतं. अडलं ते ताईमुळे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. राळेगावजवळ एका गावात राहते. भाऊजी तिथल्या जिनिंगमध्ये फिटर होते, आणि ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. फोटो काढून घेण्याची त्यांना नावड होती. लग्नाचा एक फोटो होता, त्यात बाशिंगाच्या आड मिशीचं एक टोक तेवढं दिसायचं. दुसरा मतदार कार्डावरचा. तो पाहून भारताचा एक नागरिक आहे, एवढंच सांगता आलं असतं. पुरुष की बाई, हेसुद्धा खाली लिहिलं होतं म्हणून बरं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर ताई आमच्याकडे आली. बायको स्वयंपाकघरात होती. ताई भाजी निवडत बसली होती. मान वर न करता ती मला म्हणाली, "भाऊ, मले ह्याईचं तोंड आठवून नाही राह्यलं."

मी म्हणालो, "होते असं कधी कधी."

"कधी कधी नाही. पहिले डोळे मिटले का दिसत होते. आता शर्ट दिसते, हात दिसतात, चालणं बी दिसते. तोंडाजवळ गेलं का पुसल्यासारखं होते." ती देठ मोडत राहिली. "थोडं हाये अजून. थे बी जाईन. थे जायच्या पहिले कोणाकडून काढून घ्या लागते. थो तुमच्या बाजारातला पेंटर काढते नं, फोटो नसला तरी?"

काढायचा, असं मी म्हणालो. आता नाही काढत, हे मला माहीत होतं. पण भाजी निवडणाऱ्या बाईसमोर कलेतला बदल समजावून सांगणं मला जमलं नाही. मी कॉलेजात मराठी शिकवायचो. समजावून सांगूनही कोणाला काही कळत नाही, याचा मला रोजचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी बाजारातल्या स्टुडिओत गेलो. जिना चढताना वरून एक म्हातारा कुरकुरत उतरत होता. "स्टुडिओ लिहून ठेवते अन् पासपोर्ट फोटो काढत नाही," असं त्यानं आम्हाला सावध केलं.

वर मोठा हॉल होता. भिंती पांढऱ्या, जमीन पांढरी, पेंटरचा झब्बाही पांढरा. केस खांद्यापर्यंत आले होते. एका कोपऱ्यात सरकीसकट कापसाचा ढीग घालून त्यावर दिव्याचा झोत सोडला होता आणि खाली पाटी होती, कृपया हात लावू नये. तेव्हा बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असायची आणि त्या कापसाला व्यापारीही हात लावत नव्हते. पण तिथं पाटीची गरज पडत नव्हती.

ताईनं ढिगातला चिमूटभर कापूस उचलला, बोटांत चोळला आणि म्हणाली, "ओला हाये. काळा पडन."

पेंटरनं डोळे मिटून घेतले. मग आम्हाला बसायला सांगितलं आणि बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा दिला. ताईनं कप खाली ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला. नवऱ्याचं तोंड काढून पाहिजे, फोटो नाही.

"ताई," पेंटर आता पुस्तकी मराठी बोलायचा, "मी आता चेहरे करत नाही. चेहरा ही एक मर्यादा आहे. मी पोकळीवर काम करतो आहे."

"कायच्यावर?"

"पोकळी. रिकामी जागा."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी कापसाकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, "थे काम झाल्यावर करा."

पेंटरनं मग मला बाजूला नेलं. मुंबईला त्याचं मोठं प्रदर्शन लागणार होतं. कॅटलॉगमध्ये इंग्रजी लेख मॅडमच्या ओळखीचे कोणी लिहिणार होते, पण मॅडमना एक मराठी लेखही हवा होता, मातीतला. माती मी पुरवायची. त्याबदल्यात तो बेटावर असताना ताईचं काम बघेल, इथं शहरात त्याच्या हातून होणार नाही. इथं फार माणसं आहेत, असं तो म्हणाला. खाली रस्त्यावर तेव्हा एक सायकलवाला आणि दोन गाई होत्या.

मी हो म्हणालो. वाचलेली पुस्तकं माणसाला कधी उपयोगी पडतील, सांगता येत नाही.

उन्हाळा लागल्यावर मॅडम आल्या. त्यांना बेट बघायचं होतं, प्रदर्शनासाठी शेवटचं एखादं चित्र निवडायचं होतं. त्यांच्या भाड्याच्या जीपमध्ये मला आणि ताईला जागा मिळाली. ताई मागे बसली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. मॅडम कपड्यांनी साध्या होत्या. त्या साधेपणाला बराच खर्च आला असावा. आर्णी मागे पडल्यावर त्यांनी वळून ताईशी बोलायला सुरुवात केली.

"तुमचे मिस्टर कसे गेले, सांगाल का? सांगावंसं वाटलं तरच."

"कावीळ झालती," ताई म्हणाली.

मॅडमची वही उघडलेली होती. "म्हणजे तसं सांगितलं गेलं का? खरं कारण काय होतं?"

"कावीळच. डोळे हळदीवानी पिवळे झालते. झाडपाल्याचं औषध घेत राह्यले, दवाखान्यात गेले उशिरा."

"पण कापूस? शेती?"

"शेती नव्हती. जिनिंगमंदी फिटर होते. कापूस दुसऱ्याचा, मशीन शेठची, खोकला ह्याईचा."

ताई काही कावीळ सोडेना. मॅडमनी वही मिटली. आमच्या जिल्ह्यात येऊन साध्या आजारानं मेलेला माणूस भेटणं हे त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत असावं. ताईनं त्यांना भाकरी पुढे केली. त्यांनी हात जोडले, पोट बरं नाही म्हणाल्या.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पाणी उतरलेलं. काठाशी मासेमारी करणाऱ्या भोयांची एक लाकडी नाव लावून ठेवलेली, तिच्यात खास मॅडमसाठी सतरंजी. समोर टेकडी आणि टेकडीवर पत्र्याचं छप्पर चमकत होतं. पूर्वी तिथं पाण्याची पातळी बघणाऱ्या माणसाची खोली होती, तिचा हा स्टुडिओ झाला होता. नावाड्यानं सांगितलं, की साहेबांनी निरोप दिला आहे, नावेत कोणी बोलायचं नाही.

ताईनं नाव पाहिली आणि मागे सरली. "मी नाही बसत याच्यात."

"अवं, धा मिनिटाचं काम हाये, बाई," नावाडी म्हणाला.

"धा मिनिटात बी बुडते माणूस."

मी तिची समजूत घातली, नावाड्यानं घातली, मॅडमनी इंग्रजीत घातली. ती हलली नाही. काठावर तांड्यावरची एक बंजारा बाई बकऱ्या घेऊन उभी होती. ती हे सगळं ऐकत होती. ताई तिच्यापाशी जाऊन बसली आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही जा. मी पाह्यतो कसं येता येते ते."

आम्ही निघालो. मॅडमनी डोळे मिटले. समोर सरळ गेलं असतं तर बेट हाकेवर होतं, पण नावाडी डावीकडे वळला आणि लांबचा फेरा मारायला लागला. मी खुणेनं विचारलं. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "तिकून उथळ हाये. अन् मांगची बाजू दिसू द्याची नाही म्हंते साहेब." मागच्या बाजूला काय आहे, ते मी विचारलं नाही. मौन पाळायचं होतं.

बेटावर पेंटर आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून पाण्याकडे पाहत उभा होता. पाठ फिरवण्याआधी आमची नाव त्या उघड्या पाण्यावर बराच वेळ त्याला दिसली असणार. तरी आम्ही उतरल्यावर तो दचकला. चांगलं दचकला. मॅडमनी त्याच्या एकांतात आल्याबद्दल माफी मागितली, त्यानं ती दिली, आणि दोघं स्टुडिओकडे वळले.

स्टुडिओच्या पायरीवर ताई बसली होती. लुगड्याला लागलेली कुसळं काढत होती. तिच्या आजूबाजूला बकऱ्या होत्या आणि त्यांतली एक पेंटरच्या तांब्याच्या घंगाळातून पाणी पीत होती.

"मांगून वाट हाये," ताई मला म्हणाली. "थोडा गाळ लागते, पण बकऱ्या येतात नं रोज. चारा बरा हाये इथं. थ्या बाईनं आणून सोडलं अन् गेली टरबुजाले पाणी द्याले." मग पेंटरकडे वळून, "तुमाले आवाज देल्ला मी दोन डाव. तुम्ही पाण्याकडे पाहून राह्यलते."

मॅडमनी मागे जाऊन पाहिलं. टेकडीच्या पाठीमागे ओला गाळ, त्यावर बकऱ्यांच्या लेंड्यांची ठळक पायवाट आणि पलीकडे टरबुजाचे वेल थेट काठापर्यंत गेलेले. त्या परत आल्या. "म्हणजे हे बेट..."

"बेट ही मनाची अवस्था आहे," पेंटर म्हणाला.

मॅडमनी वही उघडून ते लिहून घेतलं. आम्ही आत गेलो.

आत एक मोठा कॅनव्हास लावून ठेवलेला होता. ताईला स्टुलावर बसवलं, मला खाली. मॅडम खिडकीशी उभ्या राहिल्या. पेंटरनं कोळशाची कांडी घेतली आणि ताईकडे न बघताच सपासप खांदे काढले, मान काढली आणि वर भला मोठा फेटा बांधला.

"फेटा कायले?" ताई म्हणाली. "लग्नातच बांधला होता थ्याईनं, थोही दुसऱ्याचा. रोज डोक्शाले फडकं बांधत होते, कापूस केसात जाऊ नाही म्हणून."

पेंटरचा हात थांबला. वर्षभर फेटे काढून काढून तो हात आपसूक तिकडे जात असावा. त्यानं फेटा पुसला, फडकं बांधलं. कान काढले. हनुवटीची रेघ काढली. ते फडकं मात्र बघता बघता भाऊजींचं झालं. मागे गाठ मारून एक टोक मोकळं सोडायची त्यांची रीत ताई हातानं दाखवत होती आणि ते टोक जसंच्या तसं उतरलं. ताई स्टुलावरून पुढे वाकली. आता तोंडच राहिलं होतं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

पेंटर थांबला.

"याच्यापुढे एक रेघही नको. हे पूर्ण आहे. मला शेवटचं चित्र मिळालं."

बाहेर बकरी खोकली. ताईनं चित्राकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"याच्यात तोंड कुठी हाये?"

मॅडम तिच्याजवळ आल्या आणि खरोखर मायेनं तिला समजावून सांगायला लागल्या. चेहरा नाही म्हणूनच तो माणूस आहे. चेहरा दिला की तो एकाचा होतो, नाही दिला की सगळ्यांचा होतो. त्या नाहीमध्येच त्याचं असणं आहे. त्यांचं मराठी मुंबईचं, स्वच्छ होतं. ताईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तोंड नाही असं तं मायाजवळ घरीच हाये, बाई," ती म्हणाली. "थ्यासाठी इतक्या दूर कायले येऊ मी?"

मला तर यावर लेख लिहायचा होता. आम्ही सगळे पेंटरकडे बघायला लागलो. तो कोळशाची कांडी बोटांत फिरवत कॅनव्हास, मॅडम आणि ताई यांच्याकडे आळीपाळीनं पाहत होता. इथं त्यानं मॅडमना बाणेदारपणे नकार दिला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. त्यानं कॅनव्हास उतरवला, भिंतीशी टेकवला आणि मॅडमना म्हणाला, "हे तुमचं."

मग तो मागच्या खोलीत गेला. काहीतरी पाडल्याचा, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. परत आला तो प्लायवूडचा एक तुकडा घेऊन. त्याच्या मागच्या बाजूला कीटकनाशकाच्या जाहिरातीतली अर्धी अळी होती. दुसऱ्या हातात पाटी रंगवायचे ऑइल पेंटचे डबे होते. झब्ब्याच्या बाह्या वर गेल्या. तो खाली मांडी घालून बसला आणि जुन्या बोलीत म्हणाला, "बसा वो ताई खाली. तुम्ही बी या सर. नाकापासून धरू. कसं होतं?"

"बसकं," मी म्हणालो.

"तुले काय माहीत? तू होस्टेलात होता."

"सुट्टीत तुयाच घरी राहत होतो."

"जेवाले राहत होता. तोंडाकडे कधी पाह्यलं? बसकं नव्हतं जी, मधात थोडं उचललेलं होतं. मशीनचा पट्टा लागलता."

"पट्टा कपाळाले लागलता."

"कपाळालेही लागलता. दोन डाव लागलता."

पेंटरच्या मानेत जुना ताण आला. तो आम्हाला थांबवत नव्हता, उलट एक शांत व्हायला लागलं की दुसऱ्याला डिवचत होता. मिशी खाली की सरळ. भुवया जुळलेल्या की नाही. त्यानं रेघ काढायची, ताईनं नाही म्हणायचं, मी हो म्हणायचं, त्यानं दोघांच्या मधून तिसरी काढायची. मॅडम सूर्यास्ताचे फोटो काढायला बाहेर गेल्या. सूर्य डोक्यावर होता.

"हसरे होते?" पेंटरनं विचारलं.

"हसरे नाही," ताई म्हणाली. "पण रागीट बी नाही. कोणी काही सांगून राह्यलं अन् आपल्याले थे पहिलेच माहीत हाये, असं तोंड ठेवत होते."

"थे आम्हाले दाखवाचं तोंड," मी म्हणालो. "तुयासमोर दुसरं होतं."

"कोणतं?"

"भेलेलं."

ताई हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली, आणि पदर तोंडाला लावून पुन्हा हसली. "काहून भेतीन मले? मी काय केलं होतं?"

पेंटरनं ब्रश उचलून धरला होता. तो गंभीरपणे म्हणाला, "दोन तोंडं झाली. कोणतं काढू?"

ताईचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीवरच्या रंगाच्या डागाकडे पाहत ती म्हणाली, "मायासमोरचं."

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. पेंटर एकटाच काम करत राहिला. मध्येच तो ताईकडे बघायचा, पण तिचं उत्तर न घेता परत वळायचा. डोळे त्यानं शेवटी काढले. मी भाऊजींना बरंच पाहिलेलं आहे, आणि तरी आज मी शपथेवर सांगू शकत नाही, की ते तसे होते की त्या प्लायवूडनंतर मला तसे वाटायला लागले.

"बास," ताई म्हणाली. "आता हात नका लावू."

पेंटरनं ब्रश मागे घेतला पण धुवायला नेला नाही. तो वाट बघत होता. ताई चित्रासमोर बसून होती. तिचे डोळे कोरडे होते. बराच वेळ गेला तसा पेंटर अस्वस्थ झाला आणि माझ्याकडे झुकून कुजबुजला, "रडल्या नाहीत."

तेवढ्यात ओल्या रंगावर एक माशी आली, गालाच्या बाजूला. ताईनं पदराचं टोक घेऊन ती हाकलली. रंगाला हात लागू न देता, झोपलेल्या माणसाच्या तोंडावरची हाकलावी तशी. माशी परत आली. तिनं परत हाकलली आणि मग पदर तसाच हातात धरून बसली.

पेंटर उठला आणि ब्रश धुवायला गेला.

रंग वाळेपर्यंत आम्ही थांबलो. मॅडमनी आत येऊन चित्र पाहिलं. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण हे आता फक्त तेच आहेत." ताईनं मान हलवली, "हाव." जाताना ती नावेत बसली नाहीच. प्लायवूड छातीशी धरून मागच्या गाळातून, टरबुजांच्या वेलांमधून ती चालत गेली आणि आमच्या आधी जीपपाशी पोचली.

ठरल्याप्रमाणे मी लेख लिहिला. प्रदर्शन झालं. बेटाचं त्यात बरंच कौतुक होतं. फडकं बांधलेलं, तोंड नसलेलं ते चित्र सगळ्यात आधी गेलं, असं पेंटरनं मला न्हाव्याच्या दुकानात सांगितलं. तो केस कापायला आला होता, पण फक्त टोकं.

नंतर राळेगावकडे गेलो तेव्हा ताईकडे उतरलो. चित्र तिनं पुढच्या खोलीत लावलं नव्हतं. हारही घातला नव्हता. चुलीसमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून लावलं होतं, तिथं धुरानं खराब होईल असं मी म्हणालो. "चार लोकात बसाची सवय नव्हती थ्याईले," ती म्हणाली आणि चहा टाकला. भाऊजी तिच्याकडे बघत होते, आपलं काय चुकलं ते आठवत असल्यासारखे.

मग तिनं दुसऱ्या चित्राचं विचारलं.

"विकलं गेलं," मी म्हणालो. "मुंबईत कोणी घेतलं. मोठी इमारत आहे म्हणे त्याची."

"नाव लिहिलं का खाली, ह्याईचं?"

"नाही. 'अनाम' असं लिहिलं."

"मंग थ्या माणसाले माहीत नाही, कोण होते थे?"

"नाही."

तिनं चहा गाळला. कप माझ्यापुढे सरकवला. "तोंड नाही, नाव नाही. मंग थो पाह्यते काय रोज?"

या चित्रावर मी चार पानं लिहिली होती. मनातल्या मनात ती चाळून पाहिली. त्यांत पोकळी होती, काळी माती होती, मौन होतं, एका परिच्छेदात तर काळ थांबलाही होता.

"पाह्यत नसन," मी म्हणालो. "भिंत रिकामी दिसू नाही म्हणून लावलं असन."

ताईनं भिंतीकडे पाहिलं, मग चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मंग ठीक हाये," ती म्हणाली. "भिंत झाकाचं थेवढं काम तं करतीन थे."